नहपानाचा जावई उषवदात

चैत्र लागतो, दारोदार गुढ्या उभ्या राहतात आणि आपण नव्या वर्षाचे पंचांग घरी आणतो. त्याच्या पहिल्याच पानावर ‘शालिवाहन शके’ असे शब्द आणि पुढे वर्षाचा आकडा छापलेला असतो. लग्नपत्रिकेवर, वास्तुशांतीच्या निमंत्रणात, पूजेच्या संकल्पात हे दोन शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्यांतील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शालिवाहन म्हणजे सातवाहन, पैठणचा राजवंश. आणि शक म्हणजे ज्या परकीयांशी या वंशाने पिढ्यान्‌पिढ्या झुंज घेतली ते लोक. इ. स. ७८ मध्ये सुरू झालेली ही कालगणना उज्जयिनीच्या शक क्षत्रपांनी आपल्या लेखांत व नाण्यांवर सुमारे तीन शतके चालविली, म्हणून तिला शककाल हे नाव पडले. शालिवाहनाचे नाव तिला जोडले गेले ते कित्येक शतकांनंतर. एकमेकांचे वैरी अशा रीतीने आपल्या पंचांगात शेजारी शेजारी येऊन बसले आहेत. भारत सरकारने १९५७ साली राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली तीदेखील याच शकाची.

वसंतातल्या या व्याख्यानमालेच्या निमित्ताने त्या शकांपैकी एका मनुष्याची ओळख श्रोत्यांना करून द्यावी असे आम्ही योजिले आहे. त्याचे नाव उषवदात. संस्कृतात त्याला ऋषभदत्त म्हणतात. तो दिनीकाचा पुत्र आणि क्षहरात वंशातील राजा क्षत्रप नहपान याचा जावई. नाशिक, मावळ, सोपारा या मुलुखाचा कारभार त्याने पाहिला आणि प्रसंगी सैन्य घेऊन राजस्थानापर्यंत धडक मारली. आपल्या खाडीच्या सभोवारचा सारा प्रदेश त्याच्या पायाखालचा होता. असे असूनही पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. तो परका होता, त्याच्या घराण्याचा पराभव झाला, एवढ्यावर त्याची कथा संपते. आमच्या मते ती तेथे संपत नाही.

क्षत्रप म्हणजे काय?

आधी ‘क्षत्रप’ या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. हा शब्द मूळचा इराणचा. प्राचीन फारसीत ‘क्षत्र’ म्हणजे राज्य आणि ‘पावन’ म्हणजे रक्षण करणारा. राज्याच्या एका भागाचे राजाच्या वतीने रक्षण करणारा अधिकारी, असा त्याचा सरळ अर्थ आहे. पहिल्या दारयवहूने, ज्याला आपण डरायस म्हणून ओळखतो त्याने, इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस बेहिस्तूनच्या कड्यावर जो प्रचंड लेख कोरविला, त्यात बॅक्ट्रियाचा क्षत्रप दादर्शी आणि आराकोशियाचा, म्हणजे आजच्या कंदाहारकडील प्रांताचा, क्षत्रप विवान अशी दोन नावे आली आहेत. दोघेही इराणी, दोघेही प्रांताधिकारी, आणि राजाविरुद्ध बंड उठले तेव्हा सैन्य घेऊन ते मोडणारे दोघेही सेनापती. ग्रीकांच्या जिभेवर या शब्दाचे ‘सात्रापेस’ झाले. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने दारयवहूच्या साम्राज्याचे वीस सुभे सांगितले आहेत. त्यांतील विसावा हिंदूंचा, म्हणजे सिंधूकाठचा. त्याच्याकडून वर्षाला ३६० टॅलेंट सोन्याची भुकटी जात असे, असे तो लिहितो.

क्षत्रपाने कर गोळा करावा, न्याय द्यावा, रस्ते राखावेत आणि हुकूम येताच फौज उभी करावी. मराठी माणसाला हे समजावयास अडचण पडू नये, कारण आपला सुभेदार असाच होता. सुभेदारीचा धोकाही तोच. मालक दुबळा झाला किंवा दूर राहिला, की चाकर आपल्या प्रांताचा धनी बनतो. सायरस नावाचा इराणी राजपुत्र आशिया मायनरचा क्षत्रप व सेनापती असता सख्ख्या भावाच्या सिंहासनावर चालून गेला आणि इ. स. पूर्व ४०१ मध्ये क्यूनॅक्साच्या रणांगणावर पडला. आपल्याकडे पेशव्यांचे सरदार माळव्यात गेले ते सुभेदार म्हणून, आणि काही काळाने इंदूर-ग्वाल्हेरची संस्थाने झाली हे सर्वांस ठाऊक आहे.

अलेक्झांडरने इराणचे साम्राज्य मोडले, पण क्षत्रपांची पद्धत मोडली नाही. पंजाब-सिंधमध्ये त्याने स्वतः क्षत्रप नेमले. पुढे मध्य आशियातून शक आले, इराणच्या पूर्वेकडील प्रदेशात राहिले आणि सिंधूच्या खोऱ्यात उतरले, ते ही पदवी बरोबर घेऊनच. तक्षशिलेचा लिअक कुसुलक, मथुरेचे राजुवुल व शोडास हे असे क्षत्रप होत. तक्षशिलेच्या ताम्रपटातील त्या लिअकाचा वंशही क्षहरातच. त्याच नावाच्या वंशातील नहपान गुजरात, माळवा, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र यांवर राज्य करताना दिसतो. तो स्वतःला राजाही म्हणवितो आणि क्षत्रपही. वरच्या धन्याची सत्ता क्षीण झाल्यावरही जुनी पदवी राहिली, असाच याचा अर्थ होय. त्याच्या नाण्यांवर ग्रीक, खरोष्ठी आणि ब्राह्मी अशा तीन लिप्या आहेत. ज्या वाटेने हे लोक आले तिच्या तीन खुणाच म्हणावयाच्या.

नहपानाच्या काळातील लेखांत ४१ ते ४६ अशी वर्षे येतात. ती शककालाची धरणारे विद्वान त्याला इ. स. ११९ ते १२४ या काळात बसवितात. उलट ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील राजा मॅम्बानोस म्हणजेच नहपान असे मानणारे त्याला पहिल्या शतकाच्या मध्यावर नेतात, आणि हा पक्ष अलीकडे बळावला आहे. आपल्या आजच्या विषयाला या पन्नास-साठ वर्षांच्या फरकाने बाध येत नाही.

ओसरीतील लेख

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगर आहे. तेथील बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्यांतील दहाव्या क्रमांकाचे लेणे उषवदाताने खोदविले. त्याच्या ओसरीच्या भिंतींवर, छताखाली, त्याचे लेख आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि फ्रेंच पंडित सेनार यांच्या परिश्रमांमुळे ते आज आपल्याला वाचता येतात. त्यांतील सर्वांत मोठ्या लेखाचा आरंभीचा भाग जवळजवळ संस्कृतात आहे. त्या काळी महाराष्ट्रातील राजे प्राकृतात लेख कोरवीत असता हा परका मनुष्य संस्कृताकडे वळतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नावांकडेही पाहावे. नहपान हे नाव इराणी वळणाचे. दिनीक हेही आपल्या कानाला परके. पण दिनीकाचा मुलगा ऋषभदत्त, आणि नहपानाची मुलगी, म्हणजे उषवदाताची पत्नी, दक्षमित्रा. त्याच लेण्यात एका खोलीचे दान तिच्या स्वतःच्या नावे कोरलेले आहे. बापाचे नाव परके आणि मुलाचे नाव येथले, हा बदल एका पिढीत घडला.

लेखाच्या पहिल्या भागात उषवदाताच्या दानधर्माची यादी आहे. तीन लक्ष गाई दिल्या. बार्णासा नदीवर सुवर्णदान करून घाट बांधला. देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे दिली. प्रभास तीर्थावर आठ ब्राह्मणांचे विवाह करून दिले. वर्षभर लक्ष ब्राह्मणांना भोजन घातले. हे आकडे वाचताना थोडे हसू येते. तीन लक्ष गाई कोणी मोजल्या असतील? राजदरबारी स्तुतीची ही तऱ्हा सर्व काळी सारखीच असते, आणि ती जशीच्या तशी खरी मानण्याची आवश्यकता नाही.

परंतु त्याच यादीत पुढे येणाऱ्या गोष्टी निराळ्या आहेत. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर म्हणजे मंदसोर, गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे आजचे गोवर्धन, आणि शूर्पारक म्हणजे आपल्या वसई तालुक्यातील सोपारा, या चार ठिकाणी त्याने चौकोनी धर्मशाळा बांधल्या. विहिरी, तळी, बागा केल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर फुकट तरी चालू केल्या, आणि दोन्ही तीरांवर उतारूंसाठी निवारे व पाणपोया उभारल्या. पारदा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. तापीपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावरून चालत येणाऱ्या वाटसरूला ज्या नद्या आडव्या येतात त्यांचीच ही यादी आहे. भडोच आणि सोपारा ही त्या काळची दोन मोठी बंदरे, आणि त्यांना जोडणारी किनाऱ्याची वाट या तरींनी अखंड झाली.

तरीचे मोल नवी मुंबईकरांना अधिक समजावे. १९७३ साली वाशीचा पूल वाहतुकीस खुला झाला त्याआधी येथून मुंबईस जावयाचे तर एक होडी, नाहीतर ठाण्याचा वळसा. पुढे १९९२ मध्ये आगगाडी खाडी ओलांडून आली आणि २०२४ मध्ये न्हावा-शेव्याकडून शिवडीस जाणारा सागरी सेतूही झाला. ज्या वृद्धांनी भरतीची वाट पाहत किनाऱ्यावर तास घालविले आहेत, त्यांना दोन्ही तीरांवर निवारा बांधणाऱ्याची बुद्धी काय होती हे सांगावे लागणार नाही.

एका पावसाळ्यातील स्वारी

याच लेखात मध्येच एक चमत्कार घडतो. आतापर्यंत ‘त्याने दिले, त्याने बांधले’ अशी भाषा चाललेली असते, आणि एकाएकी लेख ‘मी’ म्हणू लागतो. उषवदात स्वतः सांगतो, की धन्याच्या आज्ञेवरून आपण पावसाळ्यात मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखाला सोडविण्यास गेलो. ते मालय आपण येत असल्याच्या नुसत्या गर्जनेनेच पळाले आणि उत्तमभद्र क्षत्रियांनी त्या सर्वांस कैद केले. तेथून आपण पुष्कर तीर्थावर गेलो, स्नान केले, आणि तीन हजार गाई व एक गाव दान दिले.

मालय म्हणजे मालव. पुढे ज्यांच्या नावाने माळवा प्रसिद्ध झाला ते हे लोक तेव्हा राजस्थानात होते. नर्मदेपलीकडची ही स्वारी पावसाळ्यात निघाली ही गोष्ट सामान्य नव्हे. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन होते, कारण चिखलात, पुराच्या पाण्यात सैन्य हलविणे फार कठीण. स्नेही वेढ्यात सापडला आणि हुकूम आला म्हणून हा मनुष्य पावसात निघाला. शत्रू नुसत्या आवाजाने पळाला ही बढाई आपण सोडून देऊ. तरीही एवढे खरे राहते, की एका ओळीत तो धन्याचा चाकर म्हणून बोलतो, दुसऱ्या ओळीत सेनापती म्हणून, आणि तिसऱ्या ओळीत पुष्करच्या तळ्यात उतरणारा यात्रेकरू म्हणून.

हिशेबाची वही

परंतु उषवदाताची खरी ओळख पटते ती त्याच्या दुसऱ्या लेखात. वर्ष ४२, वैशाख महिना. लेणे भिक्षुसंघाला दिल्यावर त्यात राहणाऱ्यांचा योगक्षेम कसा चालावा हा प्रश्न होता. गाईंचे दान एका दिवसात होते, पण पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या भिक्षूला दर वर्षी वस्त्र लागते. त्यासाठी त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी केली. अक्षयनीवी म्हणजे ज्या ठेवीचे मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी कायमची ठेव.

ही रक्कम त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही. गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे धंद्याच्या संघांकडे, ती सोपविली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचे व्याज वस्त्रांसाठी, आणि हजाराचे किरकोळ खर्चासाठी. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्राचे बारा कार्षापण द्यावेत असे तो लिहितो.

श्रोत्यांनी येथे थोडे थांबून तोंडी हिशेब करावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे दोनशे चाळीसच. एक कार्षापण कमी नाही, एक अधिक नाही. तीन लक्ष गाईंच्या आकड्यावर आपण शंका घेतली. या आकड्यावर घेता येत नाही, कारण तो जुळतो. राजाच्या नावावर गर्जना करणारा हा मनुष्य कारभारात किती बारकाईचा होता हे या एका गुणाकारावरून कळते. याच लेखाच्या शेवटी सत्तर हजार कार्षापणांच्या दुसऱ्या एका दानाची नोंद आहे. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून एकूण दोन हजार सुवर्ण, असा तिचा हिशेबही तेथेच मांडलेला आहे, आणि तोही बरोबर आहे.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. हा सर्व व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखविण्यात आला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदविण्यात आला, असे लेख स्पष्ट सांगतो. राजाचा जावई, प्रांताचा अधिकारी आणि सैन्याचा सेनापती असा हा मनुष्य. त्याने दान दिले हे त्याचे शब्द पुरेसे मानले गेले नाहीत, अथवा त्याने स्वतःच ते पुरेसे मानले नाहीत. नगरातील लोकांसमोर ते वाचले गेले आणि लेखी झाले. दगडावरचा मजकूर ही त्या दप्तराचीच कायमची नक्कल आहे.

शेताचेही तसेच. लेण्यातील भिक्षूंच्या अन्नासाठी त्याला जमीन द्यावयाची होती. नगराच्या सीमेवर वायव्येस असलेले एक शेत त्याने वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना विकत घेतले. ते शेत अश्विभूतीच्या बापाचे होते हेही लेखात नमूद आहे. जिंकलेल्या मुलुखात सुभेदाराला एक शेत हवे होते. ते त्याला मागता आले असते, हिसकावून घेता आले असते. त्याने किंमत मोजली. आणि विकणाऱ्याचे नाव, त्याच्या आईचे नाव, किंमत आणि शेताची दिशा हे सारे दगडावर लिहून ठेवले.

आम्ही ज्या नगरात राहतो ते १९७० नंतर ठाणे, पनवेल व उरण भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर वसविण्याचे ठरले. मिठागरे, भातखाचरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांच्या त्या जमिनी. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी प्राणास मुकले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना त्यानंतर आली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका खरेदीखताची आजच्या संपादनाशी सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. तरी अश्विभूतीचे नाव वाचताना, आपल्या इमारतीखालची जमीन कोणाची होती हा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही. नाशिकच्या त्या शेताच्या विक्रेत्याचे नाव आपण सांगू शकतो. आपापल्या सेक्टरखालच्या शेतमालकाचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

कल्याणची कोंडी

यावरून उषवदाताच्या धन्यांचे राज्य म्हणजे निव्वळ सौम्य कारभार, असा समज होऊ नये. नहपानाचे बंदर भडोच. सातवाहनांचा माल सह्याद्रीचे घाट उतरून येई तो नाणेघाटाने, आणि त्याचे स्वाभाविक बंदर कल्याण. पेरिप्लसचा अज्ञात ग्रीक लेखक सांगतो, की ज्येष्ठ सारगनसच्या काळी कल्याण ही कायदेशीर बाजारपेठ होती. पण सँडनीसच्या हाती आल्यापासून तेथील व्यापाराला फार अडथळा झाला, आणि चुकूनमाकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. हे दोघे नेमके कोण याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु क्षत्रप व सातवाहन यांच्या झगड्यात कल्याणची नाकेबंदी झाली, हा यातील आशय बहुतेकांस मान्य आहे.

समुद्रातून कल्याणला जाण्याच्या वाटा दोन, उत्तरेची वसईची खाडी आणि दक्षिणेची आपली ठाण्याची खाडी. वाशी, घणसोली, ऐरोलीचा किनारा या दुसऱ्या वाटेवरच आहे. १९८९ पासून न्हावा-शेवा येथे जहाजांची जी ये-जा आपण पाहतो, तिच्याइतकीच या पाण्यावरील मालकी त्या काळीही मोलाची होती. डोंगरांत लेणी खोदविणारे आणि नद्यांवर तरी बांधणारे राज्यकर्ते दुसऱ्याच्या बंदराचा गळा आवळण्यासही कचरत नव्हते. दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या तरच क्षत्रपाचे काम समजते. वाटा राखणे आणि वाटा अडविणे ही एकाच अधिकाराची दोन अंगे होती.

क्षहरातांचा नाश

अखेरीस सातवाहनांत गौतमीपुत्र सातकर्णी हा पराक्रमी राजा निर्माण झाला. शक, यवन व पह्लव यांचा नाश करणारा आणि क्षहरातांचा वंश निःशेष करणारा, असे त्याचे वर्णन त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात आहे. हा लेख त्याच त्रिरश्मी डोंगरावर तिसऱ्या लेण्यात कोरलेला आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी नहपानाची. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. पुष्कळ नाण्यांवर खालचा जुना मुखवटा आणि वरचा नवा डोंगर हे दोन्ही दिसतात. विजयाचा याहून उघड पुरावा सापडणे कठीण.

आता येथे आपल्या विषयाचे मर्म आहे. आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, वैजयंती सेनेच्या विजयी छावणीतून, गौतमीपुत्राने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला हुकूम पाठविला. पश्चिम काखडी गावातील जे दोनशे निवर्तने शेत आजवर ऋषभदत्ताने भोगले, ते आता त्रिरश्मीवरील भिक्षूंना द्यावे, असा तो हुकूम आहे. मावळात कार्ल्याच्या लेण्यांतही हाच प्रकार झाला. तेथील भिक्षूंना पावसाळ्यातील निर्वाहासाठी उषवदाताने करजिक गाव दिले होते. सातवाहनांच्या विजयानंतर तेच गाव त्याच भिक्षूंना नव्या राजाच्या नावाने पुन्हा देण्यात आले. विजेत्याने वैऱ्याची नाणी पालटली, वंश नाहीसा केला. पण लेण्यातील भिक्षूंच्या ताटाखालचे शेत त्याने ओढून घेतले नाही, उलट त्यात भर घातली.

सहा वर्षांनी आणखी एक हुकूम निघाला. काखडीचे ते शेत कसले जात नाही, गावही ओस पडले आहे, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने बदली द्यावीत, असे राजा आणि राजमाता लिहितात. लढाईच्या धामधुमीत ते गाव उजाड झाले असावे असा तर्क करता येतो. जयघोषाच्या लेखांत न सापडणारे युद्ध या लहानशा वाक्यात सापडते. आणि दिलेला शब्द पाळण्यासाठी राजाने घरची जमीन काढून दिली, हेही त्यातच सापडते.

बलश्रीच्या तिसऱ्या लेण्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. ती उषवदाताच्या दहाव्या लेण्याच्या धर्तीवर केलेली आहे. ज्या घराण्याचा निर्वंश केल्याचा अभिमान भिंतीवर कोरला, त्याच घराण्याच्या लेण्याचा नमुना गवंड्यांनी पुढे ठेवला.

वैर फार काळ टिकले नाही. क्षत्रपांचा दुसरा वंश, कार्दमकांचा, उज्जयिनीत उदयाला आला. त्यातील महाक्षत्रप रुद्रदामन् याने दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याचा दोनदा पराभव केला, पण जवळचा संबंधी म्हणून त्याला उच्छेदिले नाही, असे त्याच्या गिरनारच्या लेखात आहे. हा संबंध कोणता, त्याचा पुरावा बोरिवलीजवळ कन्हेरीत पाण्याच्या एका टाक्यावर आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातील, महाक्षत्रपाची कन्या होती, असे तो लेख सांगतो. इ. स. १५० च्या सुमाराच्या त्याच गिरनार लेखात सुविशाख नावाच्या पह्लव, म्हणजे इराणी वंशाच्या, अमात्याने सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केल्याची हकीकत आहे. प्रजेवर कर किंवा वेठ न लादता हे काम झाले, असा त्यात आवर्जून उल्लेख आहे. दारयवहूच्या कड्यावरील बंडे मोडणारे क्षत्रप, आणि फुटका बांध बांधणारा सुविशाख, यांच्यामध्ये सुमारे साडेसहाशे वर्षे गेली होती.

उपसंहार

या सर्वांतून काय घ्यावयाचे? परकीयांची सत्ता चांगली होती असे आमचे म्हणणे नाही. गौतमीपुत्राचा विजय महाराष्ट्राने अभिमानाने सांगावा असाच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की अधिकारी मनुष्याची परीक्षा त्याच्या गर्जनांवरून करू नये, त्याच्या हिशेबांवरून करावी. उषवदाताची गर्जना ऐकून पळालेले मालव पुढे प्रबळ झाले. तीन लक्ष गाईंचा मागमूस नाही. त्याच्या सासऱ्याचे चांदीचे मुखवटे दुसऱ्याच्या छापाखाली गेले. टिकले ते नगरसभेत वाचले गेलेले, दप्तरात नोंदलेले आणि विणकरांच्या श्रेणीवर विश्वासाने सोपविलेले दान, आणि ते टिकविले त्याच्या शत्रूने. जो व्यवहार चार लोकांसमक्ष आणि रोख किंमत देऊन झाला, तो मोडावा असे विजेत्यालाही वाटले नाही.

आपले नगर नवे आहे. येथे बहुतेक सर्वच बाहेरून आलेले आहेत. कोणी घाटावरून, कोणी कोकणातून, कोणी परप्रांतातून. आपली मुले येथली नावे धारण करतील, येथल्या पाण्याला आपले म्हणतील, जसे दिनीकाच्या मुलाने केले. ती आपल्यामागे काय वाचतील हे मात्र आपल्या दप्तरांवर अवलंबून राहील.

कार्ले येथून द्रुतगती मार्गाने दीड-दोन तासांवर आहे, नाशिक एका दिवसात जाऊन येण्याजोगे. या सुट्टीत पांडवलेण्यांना जाणे झाले तर दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षणभर उभे राहावे आणि छताखालची अक्षरे पाहावीत. ती वाचता आली नाहीत तरी मुलांना तो वीस भिक्षूंचा हिशेब घालावा. उत्तर दोनशे चाळीसच आले पाहिजे.